सेकंदाला आठ इंच

ट्राउट मासा आपलं बहुतेक जेवण पाण्याखाली उरकतो. ही तक्रार नव्हे. त्याचं घरच तिथे आहे. तक्रार त्या घरापर्यंत वेळेवर पोचण्याबद्दल आहे, आणि तीही माशाविरुद्ध नाही, बाकी सगळ्यांविरुद्ध आहे.

हिमाचलात तीर्थन नदीच्या काठी उभं राहिलं की हिशेब असा पडतो. पाणी सेकंदाला दोन फूट पळतंय. मासा चाळीस इंच खोल, एका दगडाच्या आडोशाला. फ्लाय जिथे पाण्यात पडते तिथून तो दहा फुटांवर. म्हणजे फ्लायच्या हातात पाच सेकंद आणि उतरायचं चाळीस इंच: सेकंदाला आठ. सहाच्या वेगाने उतरली तर ती त्याच्या डोक्यावरून निघून जाते. बाराच्या वेगाने उतरली तर तळातल्या गोट्यांत रुतते आणि दोरी तोडून तिच्यावर पाणी सोडावं लागतं. तळाजवळ प्रवाह मंदावतो, वरची दोरी फ्लायला ओढत राहते, वगैरे बारकावे मी इथे धरलेले नाहीत. धरले तर हिशेब आणखी बिघडतो. थंड पाण्यातला मासा दोन-चार बोटं वर यायलाही राजी नसतो. त्याला मी नावं ठेवत नाही. रविवारी दुपारी मीही नसतो.

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसं, लोकर आणि तार गुंडाळून केलेला खोटा किडा. आमच्या घरात या प्रकाराला 'तुमच्या त्या माश्या' म्हणतात आणि हे म्हणताना 'त्या'वर जोर असतो. ती किती वेगाने बुडणार हे नदीवर ठरत नाही. ते घरी, टेबलावर, छोट्या व्हाइसमध्ये गळ धरून बांधतानाच ठरतं. माझं टेबल फरीदाबादला आहे.

फरीदाबाद १६०७ साली वसलं, जहांगीरचा खजिनदार शेख फरीद याच्या नावाने. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी तिथे नवं औद्योगिक नगर उभारलं गेलं. तेव्हापासून या गावात ट्रॅक्टर, टायर, बूट, स्प्रिंगा, नटबोल्ट, जे म्हणाल ते बनतं. मेट्रोच्या स्टेशनांनाही कारखान्यांची नावं आहेत: बाटा चौक, एस्कॉर्ट्स मुजेसर. मी महाडचा. नोकरीसाठी इथे आलो आणि राहिलो. ज्या गावात धातूपासून काहीही बनतं, त्या गावात मला तीन मिलिमीटरचा धातूचा एक मणी मिळत नाही.

मणी हवा टंगस्टनचा. पाण्याची घनता एक धरली तर पितळाची साडेआठ, शिशाची ११.३ आणि टंगस्टनची १९.३. वजन काय, कशानेही वाढवता येतं. लोकर गुंडाळत बसलं तरी वाढतं. पण जाडी वाढली की पाण्याचा विरोध वाढतो आणि मिळवलेलं वजन त्यातच खर्ची पडतं. म्हणून जाडी न वाढवता वजन हवं, आणि ते टंगस्टनच देतं. त्याच मापाचा पितळी मणी निम्म्याहूनही हलका. शिशाची बारीक तार हा जुना उपाय, पण शिसं विषारी. पाण्यात पडलेले शिशाचे दाणे हंस गिळतात म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ पासून गळाच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. फरीदाबादेत हंस नाहीत, पण मला निमित्त पुरेसं होतं.

फरीदाबाद दिवसभर टंगस्टन कार्बाइडच्या टोकांनी लोखंड कातत असतं. तेव्हा मी हत्यारांच्या बाजारात गेलो. दुकानदार उत्साही होता. "मिल जाएगा सर जी. कितने किलो?"

मी म्हटलं, "बारह दाने."

"सैंपल के लिए?"

नाही, म्हटलं, हीच ऑर्डर. वर्षाची गरज किती, असं त्याने विचारलं. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि पन्नासेक दाणे लागतील असं सांगितलं. एका मण्याचं वजन जेमतेम पाव ग्रॅम, म्हणजे वर्षाकाठी बारा-तेरा ग्रॅमचा माल. त्याने रागावायला हवं होतं. तो रागावला नाही, त्याने चहा मागवला. फरीदाबादचं हे मोठं दुखणं आहे: इथे कोणी तुम्हाला हाकलत नाही, चहा पाजतात. हाकललं असतं तर निदान माझी तक्रार तरी भक्कम झाली असती.

मणी शेवटी परदेशातून पाकिटात आले. खरोखर किती वजनाचे आहेत ते बघायचं होतं. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या आत शून्य दाखवतो, आणि मणी हातात असताना शून्यावर विश्वास बसत नाही. मिलिग्रॅमचा काटा एकाच माणसाकडे असतो. मी सराफाकडे गेलो.

आता, हे मणी सोनेरी मुलाम्याचे येतात. माशाला चकाकी आवडते म्हणे. टंगस्टन आणि सोनं यांची घनता जवळजवळ सारखी आहे: १९.२५ आणि १९.३२. याच कारणाने सोन्याच्या खोट्या लगडीत आत टंगस्टन भरतात, आणि हे भूगोलाच्या मास्तरांना माहीत नसलं तरी सराफांना माहीत असतं. त्याने एक मणी तळहातावर घेतला, झेलला, काट्यावर ठेवला, पुन्हा झेलला. मी भाव विचारत नव्हतो, विकत नव्हतो, गहाण ठेवत नव्हतो. नुसतं वजन विचारत होतो. असं गिऱ्हाईक कुठल्याही सराफाला नकोसं वाटणार. "इनका करेंगे क्या?" त्याने विचारलं. "पानी में डुबोने हैं," मी खरं ते सांगितलं. त्याने पोऱ्याकडे पाहिलं आणि पोऱ्याने शटर अर्धं खाली ओढलं. पाव ग्रॅमला चार मिलिग्रॅम कमी भरला, एवढं मी तरीही वाचून घेतलं.

तारेबद्दल मात्र माझी तक्रार उलट्या दिशेची आहे. फ्रँक सॉयर नावाचा एक गृहस्थ इंग्लंडात एव्हन नदीच्या वरच्या भागावर, नेदरएव्हनला, नदीचा राखणदार होता. त्याने दोऱ्याऐवजी तांब्याची केसासारखी तार वापरून, तितराच्या जातीच्या एका पक्ष्याच्या शेपटीची पिसं तिच्यासोबत पिळून, एक फ्लाय बांधली. दोराही तीच आणि वजनही तीच. दोन वस्तूंत काम संपलं. १९५८ साली त्याचं पुस्तक आलं आणि तेव्हापासून जगभर लोक ती फ्लाय बांधताहेत. तांब्याची बारीक तार फरीदाबादेत फुकट मिळते. प्रत्येक चौकात मोटर रिवाइंडिंगवाला बसलेला असतो आणि त्याच्या पायाशी जळलेल्या पंख्यांची आतडी पडलेली असतात. पण छताच्या पंख्याची तार छत्तीस गेजची, दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास. मला हवी चाळीस-बेचाळीस गेजची, तिच्या निम्म्या जाडीची. ती एखाद्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असते. तेव्हा मी रोज त्याच्याकडे जाऊन कोणाचं काय जळलं याची चौकशी करतो. चौकशीचा सूर आशेचा असतो, हे त्याच्या इतर गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं आहे.

सॉयरची आणखी एक फ्लाय आहे. ती तो मोजे रफू करायच्या एका लोकरीने बांधत असे: चॅडविक कंपनीची, ४७७ नंबरची. कंपनीने ती छटा बंद केली. त्यानंतर आजोबांच्या घरातून निघालेल्या त्या लोकरीच्या पुठ्ठ्यांसाठी इंग्रज माणसांनी मोजलेले पैसे ऐकले तर आपल्याकडच्या पैठणीवाल्यांना घेरी येईल. मला या बातमीने फार धीर आला. मीही एका विशिष्ट मातकट रंगाचा जुना स्वेटर कपाटात राखून ठेवला होता. तो आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना थंडीत देऊन टाकण्यात आला. बाई रोज तो घालून येतात आणि त्याच्या कोपरापाशी एक धागा सुटलेला आहे. मी काही बोलत नाही.

लोकरीचं आणखी एक. ससा, भेकर, मेंढी, कोणाचेही केस गळावर गुंडाळले की त्यांत हवा अडकते. पाण्यात पडल्यावर पहिले दोन सेकंद फ्लाय ती हवा सोडण्यात घालवते, आणि एकूण सेकंद पाच आहेत हे आपण पाहिलं. हरणाचे केस तर आतून पोकळच. ते बांधले की फ्लाय बुडतच नाही, आणि जे लोक पृष्ठभागावर मासे धरतात ते मुद्दाम तेच बांधतात. उपाय एकच: टाकण्याआधी फ्लाय तोंडात धरून चांगली ओली करायची. हे मी टेबलावर, चाचणीसाठी करत असताना पाहुणे आले. मी तोंडातून किडा काढून नमस्कार केला. त्या स्थळाकडून पुढे निरोप आला नाही. स्थळ माझ्या पुतणीसाठी होतं आणि ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

मऊ पिसाचे चारच फेरे गळ्याशी दिले तरी फ्लाय छत्री उघडल्यागत मंदावते. तेच पीस काढून, अंग रेझिनने गुळगुळीत केलं की, वजन तेवढंच असूनही ती सरळ तळ गाठते. स्पेनचे स्पर्धक असल्या सडपातळ फ्लाय घेऊनच जगभर बक्षिसं नेतात. म्हणजे मणी, तार, पीस आणि लोकर या चार खुंट्या पिळून हवा तो वेग लावता येतो. पिसांचाही एक जाच आहे. जुन्या स्कॉटिश सामन-फ्लायवर जे मेणचट पिवळे-पांढरे ठिपके मिरवतात, ते आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेचे. साहेबांनी ते जहाजं भरभरून नेले. आता कायद्याने त्याचं पीसही बाहेर जाऊ शकत नाही, आणि हे योग्यच झालं. २००९ साली एका तरुण बासरीवाल्याने इंग्लंडातल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून अशाच फ्लायच्या नादात २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. तेव्हा माझं प्रकरण त्या मानाने सौम्य आहे हे घरी सांगून झालं आहे. मला लागतं फक्त मोराचं गळून पडलेलं पीस. फरीदाबादच्या अरवलीकडच्या सेक्टरांत मोर भरपूर. पहाटे चारपासून ते आपली उपस्थिती नोंदवतात. पिसं मात्र ते श्रावण-भाद्रपदातच टाकतात, आणि तेव्हा ती आमच्या सोसायटीचे वॉचमन गोळा करून देवघरांसाठी वाटतात. मी यादीत आहे. पण माझा उपयोग धार्मिक नसल्यामुळे माझा नंबर शेवटी लागतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त कशाचा हेवा वाटत असेल, तर तो एका भांडणाचा. फ्लाय पाण्यावर तरंगती ठेवणं हेच काय ते सभ्यपण, असं फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या साहेबाने ठरवून दिलं होतं. जॉर्ज स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० साली पुस्तक लिहून सांगितलं की बाबांनो, मासा खाली खातोय, आपणही जरा खाली बुडवू. यावरून जी तेढ पडली ती मिटेना. शेवटी १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात रीतसर वादसभा भरली. युरोपात तेव्हा हिटलर ऑस्ट्रिया गिळायच्या बेतात होता. सभागृहात विषय होता: फ्लाय बुडवावी की नाही. ऐंशीला टेकलेले स्क्यूज स्वतः बाजू मांडायला उभे राहिले. काय भाग्यवान माणूस! त्याला विरोध करणाऱ्या प्रत्येकाला तो काय म्हणतोय ते कळत होतं. मी सोसायटीच्या वार्षिक सभेत बाल्कनीतल्या पाण्याच्या खुलाशासाठी उभा राहिलो, तेव्हा दुसऱ्याच विषयावर ठराव मंजूर झाला: बाल्कनीत कपडे बाहेरच्या बाजूला वाळत घालू नयेत.

बाल्कनीतलं पाणी कुठून आलं ते सांगायला हवं. वेग मोजायचा तर पाणी हवं. उभं, स्वच्छ, स्थिर, मीटरभर खोल. एवढंच. बादली फूटभर खोल. सेकंदाला आठ इंचांनी उतरणारी फ्लाय दीड सेकंदात तळाला, आणि अंगठ्याने स्टॉपवॉच दाबण्यात दोन्ही टोकांना मिळून पाव सेकंद सहज इकडेतिकडे होतो. म्हणजे आठ आहे की सात की साडेनऊ हे बादली सांगूच शकत नाही. गच्चीवरची टाकी खोल आहे, पण काळी आणि बंद. फ्लाय कधी पोचली हे तिच्याकडून कळत नाही.

तेव्हा मी शहराकडे वळलो. बडखल तलाव १९४७ च्या सुमाराला सिंचनासाठी बांध घालून केला होता. जुने लोक तिथे नौकाविहार केल्याचं सांगतात. आसपासच्या डोंगरांत खाणी इतक्या खोदल्या गेल्या की पाणी त्याच्याकडे यायचंच थांबलं, आणि तलाव आटला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अरवलीतल्या खाणकामाला बंदी घातली. तलावाला मात्र तो निकाल वेळेत पोचला नाही. पुढे वर्षानुवर्षं तळात गवत वाढलं, मुलं क्रिकेट खेळली. प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडून तो पुन्हा भरायची योजना नंतर निघाली. मी योजनेच्या विरोधात नाही. पण अंदाज घ्यायला म्हणून कोरड्या बडखलच्या काठावरून टाकलेली फ्लाय एका गोलंदाजाच्या टोपीत अडकली, हे सांगितलं पाहिजे. त्याने ती काढून दिली आणि विचारलं, "अंकल, पानी में डालते हैं ना इसको?" या शहरात मला भेटलेला हा पहिला जाणकार.

सूरजकुंड दहाव्या शतकातलं, तोमर राजा सूरजपालाचं म्हणतात. पायऱ्या सुंदर आहेत आणि पाण्याअभावी त्या सगळ्या मोजता येतात. १९८७ पासून दर फेब्रुवारीत शेजारीच मोठा हस्तकला मेळा भरतो. तिथे जगातलं सगळं मिळतं, मीटरभर पाणी सोडून. आग्रा कालवा १८७४ साली ओखल्याहून काढला, तो फरीदाबादला लांबीने चाटत जातो. त्यात खोली आहे, पण फ्लाय सोडली की पहिल्या चार इंचांनंतर दिसत नाही. पुढचा वेग श्रद्धेचा.

यमुनेचं काय सांगू. ओखल्याच्या बंधाऱ्यावरून उतरताना, विशेषतः पावसाळा सरल्यावर, साबण-डिटर्जंटांमुळे ती फेसाची होते. टीव्हीवर दिसणारा, छठच्या बायका ज्यात उभ्या असतात, तो फेस. शास्त्र सांगतं की साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, तेव्हा फ्लाय पृष्ठभागावर न अडखळता चटकन बुडायला हवी. हे खरं आहे. पण ते पाणी फेसाच्या खाली असतं. टंगस्टनची फ्लाय फेसावर टाकली. ती आत गेली, आणि कुठेतरी मध्ये, ना पाण्यात ना हवेत, थांबली. असा शून्य वेग कुठल्याच पुस्तकात दिलेला नाही.

खरं सांगायचं तर फरीदाबादेत एक निळंशार, खोल, स्वच्छ पाणी आहे. सोडून दिलेल्या खाणींच्या खड्ड्यांत जमिनीखालचं पाणी भरून तळी झाली आहेत. दृष्ट लागावी असा रंग. तिथे जायला बंदी आहे, कारण पोहायला गेलेली मुलं बुडून गेली आहेत. बंदी रास्त आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एवढी नोंद करतो आणि पुढे जातो.

दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून मी सव्वा मीटरची, चार इंच व्यासाची अॅक्रिलिकची पारदर्शक नळी करून घेतली. खाली बूड चिकटवलं, बाहेरून इंचाच्या खुणा केल्या, बाल्कनीच्या कोपऱ्यात उभी केली आणि भरली. अठ्ठेचाळीस इंच सुंदर पाणी. शेजारच्या गृहस्थांनी पहिल्या दिवशी विचारलं, "भाईसाहब, यह वास्तु का है?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ईशान्य कोपरा सुचवला.

कारखान्यातले माझे एक सहकारी बंगाली आहेत, चित्तरंजन पार्कात राहतात. ते नळी बघायला आले, फ्लाय उतरताना पाहिली आणि खिशातून कागदात बांधलेली कणकेची गोळी काढली. हिंग घातलेली. नळीत सोडली. माझ्या खुणांप्रमाणे ती सेकंदाला बरोबर आठ इंचांनी गेली. त्यांनी पुन्हा सोडली, पुन्हा आठ. "दादा, मणी नहीं लगा इसमें," ते म्हणाले. त्यांच्याशी माझे संबंध चांगले आहेत. मी फक्त त्यांच्यासोबत जेवत नाही.

मग पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधणारा माणूस आला. डेंग्यूच्या दिवसांत ही माणसं कूलर, कुंड्या, टायर तपासत फिरतात आणि फार चांगलं काम करतात. त्याने बॅटरी नळीवर धरली आणि तळाशी बघून गंभीर झाला. "सर, लार्वा है."

ती मी केलेली फ्लाय होती. डासाच्या चुलत घराण्यातल्या एका किड्याची अळी, काळा दोरा, वर तांब्याची तार पिळून वळ्या काढलेल्या, रेझिनचा हात फिरवलेला. मी सांगितलं की ही खोटी आहे. त्याने पुन्हा पाहिलं. "हिल नहीं रहा," तो म्हणाला, "पर कभी-कभी मरा हुआ भी होता है." मी नळीत काठी घालून ती गळासकट वर काढून दाखवली. त्याने गळ पाहिला, अळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म भरायला घेतला. फॉर्ममध्ये 'अळी आढळली' आणि 'अळी आढळली नाही' असे दोनच रकाने होते. पहिल्यात खूण झाली. कुठल्याही जाणकाराने माझ्या बांधणीला इतकी निःसंदिग्ध दाद दिलेली नाही, आणि ती दंडाच्या पावतीवर यावी याचा मला राग आहे. पावती मी फ्रेम करणार होतो. ती जमा करून घेतली.

आईला फोनवर हे सांगितलं. ती महाडला असते. आमच्याकडे काळ नदीवर वाळणकोंडीचा डोह आहे, वरदायिनी देवीचा. त्यातले महसीर देवीचे, कोणी धरत नाही. हा दख्खनी महसीर, ज्याला कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून शास्त्रात नाव दिलं. लोक काठावरून कुरमुरे टाकतात आणि हातभर मासे तोंड वासून वर येतात. "अरे, मग इथे ये," आई म्हणाली. "कुरमुरे बुडवायला नको लागत." तीर्थनला मी मासा धरून परत पाण्यात सोडतो, हे तिला मागे एकदा सांगितलं होतं. तेव्हा तिने विचारलेला प्रश्न असा होता: मग त्याला कशाला उठवलंस? त्याचं उत्तर मी तयार करतोय.

आता शेवटचा मुद्दा, आणि यात फरीदाबादच्या उन्हाचा संबंध आहे. जूनमध्ये आमच्या टाकीतलं पाणी चाळीस अंशांवर जातं. नळाखाली हात धरवत नाही. मोसमातली तीर्थन दहाच्या आसपास असते. दहा अंशांचं पाणी चाळीस अंशांच्या पाण्यापेक्षा बरोबर दुप्पट चिकट असतं. गुळगुळीत, मणीदार फ्लायला याने फारसं बिघडत नाही. तिला अडवतो तो मुख्यतः समोरचा पाण्याचा धक्का. पण मऊ पिसाच्या फ्लायला एकेक तंतू पाण्यातून ओढत न्यायचा असतो, आणि इतक्या बारीक तंतूला चिकटपणाच जास्त जाचतो. म्हणजे बाल्कनीत आठ इंचांनी उतरलेली पिसाची फ्लाय तीर्थनात रेंगाळणार. १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या साहेबाने कुलूला ट्राउटची अंडी उबवली तेव्हा त्याने पाणी गार निवडलं, कारण माशाला तेच लागतं. त्याला माझं काय पडलंय?

नळीतलं पाणी दहा अंशांवर आणणं भाग होतं. फ्रीजच्या बाटल्या ओतून पाहिल्या. बाटल्या परत भरून ठेवायच्या अटीवर तो प्रयोग बंद झाला. शेवटी बर्फाची लादी आणली. बर्फवाल्याने विचारलं, "सर जी, पार्टी कितने लोगों की है?" मी म्हटलं, एकाची. त्याने लादी कापडात गुंडाळून दिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, टेन्शन मत लिया करो.

लादी फोडली, तुकडे नळीत सोडले, थर्मामीटर लावला. पाणी खाली उतरायला लागलं: पस्तीस, अठ्ठावीस, एकोणीस, बारा. दहावर आल्यावर मी पिसाची फ्लाय ओली केली, चिमट्यात धरली, नळीच्या बरोबर मधोमध सोडली आणि स्टॉपवॉच दाबलं.

बर्फ पाण्यावर तरंगतो. नळी चार इंच रुंद. वर तुकड्यांचा सलग थर झाला होता. फ्लाय त्यातल्या एका तुकड्यावर उतरली आणि बसली. मी काडीने ढकलली. ती शेजारच्या तुकड्यावर गेली. बर्फ काढून टाकला तर या उन्हात पाणी चढायला लागतं, आणि राहू दिला तर वाट बंद.

आतून आवाज आला, "अहो, बुडली का?"

"नाही अजून."

"मग तो बर्फ काढा बाहेर. कोकम सरबत करते."